ल गेनेकांचा डबा

"ह्यो डबो देव्हाऱ्यात ठेवायचो," काका म्हणाले.

"ठेवून तर बघा," काकी म्हणाली.

काकांच्या दोन्ही हातांत हिरव्या मखमलीत गुंडाळलेली विटेएवढी एक वस्तू होती. मागे ओसरीवर दोन फ्रेंच पाहुणे घामाने निथळत उभे होते आणि आपलं स्वागत चाललंय की हकालपट्टी, ते त्यांना कळत नव्हतं. पाहुण्यांकडे पाहून मी हसले. हसणं हेच माझं त्या दिवशीचं अर्धं काम होतं.

"आत काय आसा?" काकीने मला विचारलं.

"मासे," मी म्हटलं.

"मासे? आणि ते माझ्या देवांच्या मांडीर? उद्या सर्वपित्री, परवा घट बसतले, आणि ह्यांका देव्हाऱ्यात मासे ठेवचे आसत!"

"साधे मासे न्हय ते," काका कळवळून म्हणाले. "एकोणीसशे तीन सालातले आसत."

"मगे तर आधी भायर काढा. वास येतलो."

शेवटी डबा माजघरात रेडिओवर गेला. खाली विणलेला रुमाल, वर रवळनाथाचा फोटो. फ्रेंच साहेबांनी डब्यापुढे मान लववली, काकांनी हात जोडले, आणि काकी नाकाला पदर लावून चुलीकडे गेली.

ही गोष्ट वेंगुर्ल्याची, शहाऐंशी सालची. मी पुण्याहून फ्रेंच घेऊन बी.ए. झाले होते आणि दोन वर्षं घरात बसून होते. गावात जो तो विचारायचा, "सुलक्षणा, ही भाषा तू बोलतलंस कोणाशी? खाडीतल्या बगळ्यांशी?" मग एकदम काकांचं भाग्य उघडलं आणि त्यांच्यामागून माझंही. फ्रान्समधल्या ब्रिटनी नावाच्या किनाऱ्यावर 'ल गेनेक आणि पुत्र' नावाची मासे डबाबंद करणारी कंपनी होती. त्यांना आपल्याकडचा तारला, म्हणजे त्यांचा सार्डिन मासा, हवा होता, आणि काकांना त्यांची यंत्रं. काकांनी दोन्ही ट्रॉलर विकून बंदरावर शेड बांधली. वाडीतल्या बायकांना "दसऱ्यापासून कामाक या" म्हणून सांगितलं. आता फक्त सही व्हायची होती आणि उद्घाटन. दुभाषी म्हणून मी. काका चारचौघांत मला "आमची फ्रेंच मॅडम" म्हणू लागले, आणि बगळेवाले गप्प झाले.

उद्घाटनाला वाटायला म्हणून त्या कंपनीचा इतिहास मी मराठीत उतरवला होता. तो थोडक्यात असा. १९०३ साली ब्रिटनीच्या समुद्रातून तारला गायब झाला. का, कुठे, कोणाला ठाऊक. गावोगावचे कारखाने बंद पडले. पण कोरांताँ ल गेनेक हा पठ्ठ्या एकटाच होडी घेऊन धुक्यात शिरला आणि होडी भरून मासे घेऊन आला. त्या माशांचे त्याने शंभर डबे केले. पॅरिसचा बडा व्यापारी आला, त्याने डब्यांची चळत पाहिली, तोंडात बोट घातलं आणि पुढल्या दहा वर्षांचा माल सांगून ठेवला. त्या शंभरातला एक डबा घराण्यात राहिला. तो हा, भाग्याचा डबा. नवीन कारखाना निघाला की डबा तिथे जाणार. आणि दर सहा महिन्यांनी घरातला कर्ता पुरुष तो उलटा करणार, कारण तिकडे जुने मासे मुरवायची रीत आहे. डबा उलटवला की तेल दोन्ही अंगांना सारखं लागतं. आपण लोणच्याची बरणी हलवतो, तसंच.

"ऐंशी वर्सां उलटतत?" इतिहास वाचून दाखवला तेव्हा काकीने विचारलं होतं. "आणि खातत कधी?"

"खात नाहीत. ठेवतात."

"खुळे आसत," काकी म्हणाली होती. तिच्या दृष्टीने इतिहास तिथे संपला.

पाहुण्यांपैकी साहेब म्हणजे इव्ह ल गेनेक, त्या कोरांताँचे नातू. साठीचे, उंच, लाजरे. दुसऱ्या होत्या मादाम ओदील, त्यांच्या वारलेल्या भावाची बायको. अर्धी कंपनी या बाईची होती आणि तिला ती विकून मोकळं व्हायचं होतं. वेंगुर्ल्यातलं तिला काहीही पटलं नव्हतं. ऊन पटलं नाही, खाट पटली नाही, आमचा कोंबडा तर मुळीच पटला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावणे खाताना बाईने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "इव्ह, मी ठरवलंय. उद्या कार्यक्रमात हा डबा उघडायचा."

साहेबांच्या हातातला घावणा नारळाच्या रसात पडला.

"तो उघडायचा नसतो, ओदील."

"का? तुम्ही लोक जन्मभर सांगत आलात की यातला मासा अजून उत्तम आहे. मग मला तो बघू दे. चांगला निघाला तर मी सही करते, इथे कारखाना काढ नाहीतर चंद्रावर काढ. नाही निघाला तर मी माझा हिस्सा विकणार."

"काय म्हणता बाई?" काकांनी मला विचारलं. मी सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "झकास! लोकांसमोर उघडूया! फोटोवाल्याक सांगतंय."

साहेब मात्र पांढरेफटक पडले. जेवणाआधी मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मादमोआझेल, उद्याच्या दिवशी बंद डबा उघडायला तुमच्या धर्मात काही... अडचण असेल का? बारीकशी जरी असली तरी चालेल."

मला वाटलं, बिचारा किती आपल्या चालीरीती जपतो! मी अभिमानाने म्हटलं, "छे छे! उलट उद्या घटस्थापना. त्याहून चांगला दिवस नाही. दहा वीसचा मुहूर्तसुद्धा आहे."

"अरेरे," साहेब म्हणाले. मला तो फ्रेंच विनय वाटला.

तेवढ्यात काकीने मध्येच तोंड घातलं. "तेका विचार, त्याच्या आज्याची तिथी खयची?"

साहेबांना काही समजेना. मी फोड करून सांगितली. ते म्हणाले, तारीख नक्की आठवत नाही, हिवाळ्यात कधीतरी.

"त्याचा कोण करता? पान कोण वाढता?"

"कोणी नाही," साहेब म्हणाले.

काकी "शिव शिव" म्हणाली आणि काही न बोलता परसात गेली. मी तेव्हाच तिच्या मागे जायला हवं होतं. काकी बोलते तोवर भिण्याचं कारण नसतं. ती गप्प झाली की समजावं.

जेवणं उरकली आणि काका पाहुण्यांना जीपमधून दीपगृह दाखवायला घेऊन गेले. मी जरा आडवी होत होते, तोच परसातून हाक आली.

"सुले! अगो सुले, धाव! ह्येच्या आज्यान सगळ्यांका फसवल्यान गो!"

धावले. परसातल्या पायरीवर काकी बसली होती. समोर विळी. विळीशेजारी हिरवी मखमल. आणि मांडीवर भाग्याचा डबा, झाकण मागे मुरडलेलं.

"काकी, हे काय केलंस!"

"वाडी दाखवूक व्हयी ना तेका! आज सर्वपित्री. तिथी म्हायत नाय, करणारो कोण नाय, त्याचे स्वतःचे मासे ह्या मेल्यांनी ऐंशी वर्सां कुलपात घालून ठेवलेले. म्हटलंय, एक तुकडो पानार वाढूया, बिचारो शांत तरी होयत."

सांगायला हवं की आमच्या घरात पितरांचं जेवण गोडाचं. पण गेलेल्याची काही खास आवड असली तर त्याची वेगळी छोटी वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, परसात कावळ्याला ठेवायची. माझ्या आजोबांच्या पानाशेजारी दर वर्षी विडी पेटवून ठेवतात. तेव्हा काकीच्या हिशेबाने तिचं काहीच चुकलं नव्हतं.

"मग? खराब झालेत का मासे?"

"मासे असते तर खराब झाले असते ना! बघ तरी."

डब्यात वाळू होती. जवळजवळ काठापर्यंत, छान बारीक, करड्या रंगाची वाळू. तेलाचा थेंब नाही, काटा नाही, खवला नाही.

मी बोट घालून तळापर्यंत ढवळलं. वाळूच. इतकी वर्षं तीन पिढ्यांनी दर सहा महिन्यांनी ही वाळू उलटीपालटी केली होती, दोन्ही अंगांना सारखी मुरावी म्हणून! मला हसू फुटलं. आणि मग मादाम ओदील आठवली आणि हसू जागच्या जागी मेलं.

"काकी, उद्या हा सगळ्यांसमोर उघडणार आहेत."

"म्हायत आसा. उघडूक दे. वाळू तेंचीच."

"पण त्यांना माहीत नाही ना ती वाळू आहे! साहेब या डब्याला नमस्कार करतो. डबा आपल्या घरात होता. झाकणावर तुझ्या विळीचे ओरखडे आहेत. वाळू निघाली तर ते काय म्हणतील?"

काकीचे डोळे मोठे झाले. "म्हणतले, आमी मोंडकरांनी मासे खाल्ले आणि वाळू भरली!"

"आणि बाई सही करणार नाही. काकांनी दोन्ही ट्रॉलर विकलेत."

"आवशीक खाव!" काकी उठलीच. "चल. मासे भरूया."

तेव्हा दीड-दोनचा सुमार असेल. पाहुणे परतायला संध्याकाळ होणार होती. नवरात्राआधीचा शेवटचा दिवस म्हणून बंदरावर मासळीला झुंबड होती, पण काकीसाठी कोणीही तारले बाजूला काढून ठेवतं. ते मिळाले. अडलं तेलापाशी. इतिहासात स्पष्ट लिहिलं होतं, ऑलिव्हचं तेल. वेंगुर्ल्यात तेव्हा ऑलिव्हचं तेल एकाच ठिकाणी मिळायचं, औषधांच्या दुकानात, बाळांच्या मालिशसाठी, इवल्याशा बाटल्यांत. मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या बाटल्या उचलल्या. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "कोणाकडे जुळं झालं काय गो?"

"हो," मी म्हटलं. "दोन्ही चांगली सुदृढ आहेत."

घरी आले तर काकीच्या निरोपावरून पाश्कू येऊन बसला होता. पाश्कू फर्नांडिस, बाजारात स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करणारा. कथलाचा डाग देऊन सांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि तोंड उघडं ठेवण्यातही. डबा पाहून त्याने छातीवर क्रूस केला. "सायबा भोगोस! मेलेल्या माणसाचो डबो?"

"मेलेल्याचो न्हय, फ्रेंचांचो," काकी म्हणाली. "झाकण लावून दी आणि तोंडाक पण एक डाग मारून घे. कोणाक सांगलंस तर बघ."

"कोणाक सांगू? माका काय समाजलाच नाय."

इकडे चुलीपाशी माझी आणि काकीची जुंपली. मी म्हणत होते, नुसतं मीठ आणि तेल. तिकडे मसाला घालत नाहीत.

"नुसता मीठ? बिनतिरफळाचो तारलो? तो काय आजारी आसा?"

"काकी, फ्रान्समध्ये तिरफळ नसतं!"

"म्हणान तर तेंका ऐंशी वर्सां वाळू खावची लागली."

मी तेल मोजायला पाठ वळवली तेवढ्यात तिने काय काय केलं ते मला त्या वेळी कळलं नाही. इतकंच सांगते की तारले हळदीच्या बोटांनी साफ केले गेले होते आणि खलबत्ता ओला होता. मासे डब्यात डोकी काढून, शेपटी उलटसुलट, अगदी इतिहासातल्या चित्राप्रमाणे रचले. वर बाळाचं तेल ओतलं. पाश्कूने नवसागर लावून कथलाचा डाग दिला, धूर केला, शिंकला, परत दिला. मग डबा मोदकपात्रात बसवून दणदणीत उकडला. बाहेर काढून काकीने घासला तेव्हा तो नव्या घागरीसारखा लखलखत होता.

"ह्यो तर आज जन्मल्यासारखो दिसता," पाश्कू म्हणाला.

मग तिघांनी मिळून त्याला म्हातारा केला. चिंच लावली, चुलीतली राख चोळली, पाश्कूने स्टोव्हची काजळी बोटाने कोपऱ्याकोपऱ्यात भरली. विळीच्या ओरखड्यांवर काकीने कोकमाचा आगळ फासला. जीपचा आवाज आला तेव्हा डबा मखमलीत, मखमल रुमालावर, रुमाल रेडिओवर आणि आम्ही तिघं ओसरीवर, कधी न बसलेल्या शिस्तीत बसलो होतो.

साहेब आत गेले. डबा हातात घेतला. कानाशी नेऊन हलवला. ते जरा थांबले, परत हलवला, आणि नमस्कार न करताच खाली ठेवला. रात्री ते जेवले नाहीत.

सकाळी शेडमध्ये सगळं गाव लोटलं. आंब्याचं तोरण, सनई, भटजी, फोटोवाला. पुढच्या रांगांत कामाला येणाऱ्या बायका, कोऱ्या लुगड्यांत. त्यांची नजर यंत्रांसाठी सोडलेल्या रिकाम्या जागेवर होती. काका नवीन धोतरात नुसते उडत होते. टेबलावर तबक, तबकात डबा, डब्याशेजारी चांदीचं ओपनर. ते मादाम ओदील फ्रान्सहून बरोबर घेऊनच आली होती. म्हणजे बाईचं आधीपासून ठरलेलं होतं.

साहेब उभे राहिले. हातात कागद होता, तो त्यांनी घडी करून खिशात घातला. माझ्याकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये बोलू लागले, "मित्रांनो, हा डबा उघडण्यापूर्वी माझ्या आजोबांबद्दल एक गोष्ट मला सांगायलाच हवी. ती आमच्या छापील इतिहासात नाही. ती आमच्या घरात फक्त बाप मुलाला सांगतो, आणि मला मूल नाही. तेव्हा आज मी ती सर्वांना..."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

याला माहीत होतं! घावणा पडला तो म्हणून. धर्मात अडचण आहे का विचारलं ते म्हणून. या माणसाला जन्मभर माहीत होतं की डब्यात वाळू आहे, आणि आता, बाईने डबा उघडून आजोबांची अब्रू काढण्याआधी, हा बिचारा स्वतःच सांगून मोकळा व्हायला निघाला होता. आणि डब्यात तर काकीचे तारले!

"काय म्हणता?" काकांनी विचारलं.

मादाम ओदील खुर्चीच्या टोकावर आली होती. तिला भाषांतराची गरज नव्हती. आणखी एक वाक्य, आणि सगळं संपलं असतं.

"भटजी!" मी मराठीत ओरडले. "मुहूर्त टळतोय ना?"

भटजींनी घड्याळ न बघताच सांगितलं, "टळतोच आहे! कधीचा टळतोय!"

मी साहेबांकडे वळून फ्रेंचमध्ये म्हटलं, "मस्यू, गुरुजी म्हणतात शुभ घटका निघून चालली. आधी उघडा, मग बोला. आमच्याकडे अशीच रीत आहे."

"पण मादमोआझेल, आत..."

"उघडा हो!" मी असं खेकसले की सनईवाला दचकून वाजवू लागला.

साहेबांनी ओपनर घेतलं. फाशीच्या दोराला हात घालावा तसं त्यांनी झाकण टोचलं. कथील कुरकुरलं, फ्स्स असा आवाज आला, आणि वास आला.

तिरफळाचा वास कोकणातल्या माणसाला शंभर पावलांवरून ओळखू येतो. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "गे बाय, ह्या तर तिर..." आणि मग "आय गो!" असं म्हणाली, कारण काकीने तिला कोपर मारलं होतं.

साहेब डब्यात बघत होते. लालसर पिवळ्या तेलात तारले ओळीने झोपले होते. साहेबांचं तोंड उघडं. त्यांनी एक बोट तेलात बुडवलं, खरंच तेल आहे ना बघायला. मग ते माझ्याकडे वळले. माणसाच्या चेहऱ्यावर एवढे प्रश्न एकदम मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

"काय झालं?" ओदीलने विचारलं. "खराब आहेत?"

"नाही," साहेब कसेबसे म्हणाले. "ताजे आहेत."

"ताजे?"

"म्हणजे... मुरलेले. छान मुरलेले."

बाईने काटा उचलला, एक तारला घेतला, वास घेतला आणि तोंडात घातला. नवरात्र लागलेलं, आमच्यापैकी कोणी मासा तोंडात घालणार नव्हतं, ही देवाचीच कृपा. काकांची तर नुसत्या वासाने चलबिचल झाली होती. ते माझ्या कानात कुजबुजले, "सुले, फ्रान्सात तिरफळां होतत?"

"तेव्हा होत होती," मी म्हटलं.

ओदीलने चावलं. थांबली. डोळ्यांत पाणी आलं. नाक लाल झालं. मला वाटलं आता ही थुंकणार. बाईने गिळलं, पाण्याचा पेला रिकामा केला आणि जीभ बाहेर काढून तिला हात लावून पाहिला.

"इव्ह, माझी जीभ झिणझिणतेय. यात काय आहे?"

"आजोबांनी कधी कोणाला सांगितलं नाही," साहेब म्हणाले. शब्दशः खरं.

तिने दुसरा तारला घेतला. मग तिसरा. मग डबा स्वतःच्या पुढ्यात ओढला. "ऐंशी वर्षं," तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "ऐंशी वर्षं आपण चुकीचे मासे विकतोय! हे रडकं मीठ नि तेल! आणि खरी पाककृती मखमलीत गुंडाळून तिला नमस्कार करत होतो! कागद कुठे आहेत?"

सही झाली. टाळ्या झाल्या. काकांनी पाहुण्यांना, भटजींना आणि चुकून फोटोवाल्यालाही मिठी मारली. कोऱ्या लुगड्यांतल्या बायका आपापसात बोलू लागल्या. दसऱ्यापासूनच कामाला यायचं ना, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

गर्दी ओसरल्यावर साहेबांनी मला आणि काकीला शेडमागे, खोक्यांच्या आडोशाला गाठलं.

"मादमोआझेल," ते म्हणाले, "माझी वाळू कुठे आहे?"

मी सगळं सांगितलं. सर्वपित्री, वाडी, विळी, पाश्कू, बाळाचं तेल. ते खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनी त्यांची बाजू सांगितली. १९०३ साली कोरांताँला एकही मासा मिळाला नव्हता. धुक्यात गेला होता ते खरं, आला तो रिकाम्या हाताने. पॅरिसचा व्यापारी दुसऱ्या दिवशी येणार, आणि माल दिसला नाही तर गावातला शेवटचा कारखाना बंद, तीस बायका घरी. म्हणून त्याने किनाऱ्यावरची वाळू शंभर डब्यांत भरून डाग दिला आणि चळत लावली. व्यापाऱ्याने डबे हातात घेतले, वजन पाहिलं आणि खूश झाला. पुढच्या वर्षी तारला परत आला. नव्याण्णव डबे म्हाताऱ्याने समुद्रात बुडवले. एक ठेवला.

"तो कित्याक ठेवल्यान?" काकीने विचारलं.

"आमच्यापैकी कोणी माजू नये म्हणून," साहेब म्हणाले. "आणि उलटायची रीत त्याने मुद्दाम घातली. सहा महिन्यांनी एकदा वाळूचा आवाज ऐकायचा. काल मी हलवला तर आवाजच नाही. मला वाटलं, मी बहिरा झालो." मग जरा घुटमळून म्हणाले, "ती वाळू आमच्या किनाऱ्याची आहे. मिळेल का परत?"

मी काकीला विचारलं. काकी पहिल्यांदाच ओशाळली.

"तेका सांग, मोदकपात्राक वास लागलो होतो. घासूक घेतलंय." मग घाईघाईने म्हणाली, "पण चकचकीत झाला हां! ह्या पण सांग."

मी सांगितलं. साहेब माझ्याकडे पाहत राहिले, काकीकडे पाहत राहिले, आणि मग इतके हसले, इतके हसले की खोक्यावर बसले, आणि खोका मोडला. काकीने त्यांना हाताला धरून उठवलं. तो माणूस रडतही होता, पण ते तिरफळाने असेल. डबा रिकामा करायला ओदीलने त्यालाही बसवलं होतं.

कंपनी झपाट्याने वाढली. 'मूळ पाककृती, १९०३' असं छापलेले डबे निघाले, तिरफळं दर वर्षी पोत्यांनी जाऊ लागली, आणि नव्या इतिहासात एक पान वाढलं: संस्थापकाने पूर्वेकडच्या कोण्या खलाशाकडून एक गुप्त मसाला मिळवला होता. त्याचंही मराठी भाषांतर मीच केलं. काकीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "खलाशी म्हणता काय माका? मेलो."

पुढे बऱ्याच वर्षांनी एका दुपारी घरी फोन वाजला. मादाम ओदील. तिचा आवाज मी दहा कोंबड्यांच्या आरवण्यातूनही ओळखला असता. म्हणाली, इव्हने काल कंपनीच्या किल्ल्या तिच्या स्वाधीन केल्या, आणि किल्ल्या देताना एक गोष्ट सांगितली.

या बाईने त्या चवीवर अख्खी कंपनी उभी केली होती.

"तुमच्या काकू आहेत तिथे?" तिने विचारलं.

"आहेत."

"त्यांना सांगा, मी दिवसभर ओरडले. इव्हवर, त्याच्या आजोबांवर, तुमच्यावर, त्यांच्यावर. आता घसा बसलाय." मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "या वर्षी इथे पुन्हा तारला येत नाहीये. महिना झाला, होड्या रिकाम्या येतात. बायका दारात येऊन विचारतात, कारखाना चालू राहील ना? आणि भाग्याचा डबा रिकामा आहे. मला त्यात काहीतरी भरायचंय. काय भरू? तुमच्या काकूंना विचारा."

मी रिसीव्हरवर हात ठेवून काकीला सगळं सांगितलं. काकी निवडायला घेतलेलं तांदळाचं सूप बाजूला सारून ऐकत होती. तिने विचारही केला नाही.

"वाळू भर म्हणान सांग," ती म्हणाली. "मासो काय, एक वर्स येता, एक वर्स नाय. आणि बायकांका सांग म्हणा, डबो भरलेलो आसा."

मी तसंच्या तसं फ्रेंचमध्ये सांगितलं. मग ओदीलने एकच प्रश्न विचारला, अगदी गंभीरपणे.

"किती भरू?"

काकी म्हणाली, "चवीपुरती."